कोयंडा नसलेलं घर

टेकडीने यमुना गवाणकरांच्या घराचा नकाशा तिसऱ्यांदा नामंजूर केला.

आंबेरखोल गावाचा नियमच होता: ज्या जागेत घर बांधायचं, तिथे आधीपासून राहणाऱ्यांची संमती हवी. टेकडीला ग्रामपंचायतीच्या दारातून आत येता येत नसल्यामुळे अशी सभा तिच्या पायथ्याशीच भरे. सरपंच खुर्चीवर बसत, बाकीचे जांभ्या दगडावर. दगडाची परवानगी अर्थातच आधी घेतलेली असे.

यमुनाबाईंचा सगळा जन्म सरकारी दवाखान्यांत नर्स म्हणून गेला. बदली झाली की ट्रंक भरायची आणि दुसऱ्या क्वार्टरमध्ये तीच भांडी मांडायची. आता त्यांना आपलं घर हवं होतं, आणि हवं म्हणजे हवंच होतं. ओहोळाने हरकत घेतली, तेव्हा त्यांनी संडास पार दुसऱ्या अंगाला नेला. वाऱ्याने समोरासमोर खिडक्या मागितल्या, त्याही दिल्या. फणसाला आपली जागा सोडायची नव्हती, म्हणून माजघराने त्याला वळसा घातला. फणस इतका खूश झाला, की त्याने भर सभेत एक फळ टाकलं. सरपंच थोडक्यात वाचले.

मानपानातही बाईंनी कसर ठेवली नव्हती. कामाआधी सगळ्यांची नावं घेऊन, सांभाळून घ्या म्हणत गाऱ्हाणं घातलं होतं, पहिला नारळ टेकडीलाच दिला होता. तरी ती अडून बसली. आणि अडून बसण्यात टेकडीचा हात कोण धरणार?

"काकी, माझा काय चुकला ता तरी सांग," यमुनाबाई म्हणाल्या.

"नकाशो बरो आसा," टेकडी म्हणाली. "पण तुमी माझी कूस खणतास, घरा बांधतास आणि कुलपा लावन मुंबयक जातास. मगे चतुर्थीक इलास तर इलास. माझ्या अंगार नुसती कुलपा रवली."

वरच्या अंगाला सरपंचांच्या भावाचं घर बंद होतं. सगळ्यांनी तिकडे पाहायचं टाळलं.

यमुनाबाई माघार घेणाऱ्या नव्हत्या. त्यांनी सरपंचांच्या खिशातलं पेन काढलं आणि नकाशातल्या दाराचा कडी-कोयंडा खोडला. तेवढ्याने टेकडी हलली नाही. मग बाईंनी मागची अख्खी भिंत खोडली.

"मगे पाठी कोण?" टेकडीने विचारलं.

"तू."

नकाशा मंजूर झाला.

घर उभं राहिलं आणि बाई त्यात राहिल्या. पुढे डोळ्याच्या ऑपरेशनसाठी त्यांना जिल्ह्याच्या गावी जावं लागलं. जाताना दार फक्त ओढून घेतलं. परतायला ठरल्यापेक्षा उशीर झाला.

संध्याकाळी त्यांनी दार ढकललं, तर टेकडी माजघरापर्यंत आत आलेली होती. देवापुढे दिवा लागलेला होता.

"तिनसांजेक घर काळोखात बरा दिसणा नाय," टेकडी ओशाळून म्हणाली. "म्हणान इलंय."

यमुनाबाईंनी पिशवी खाली ठेवली. आजवर कुठल्याही क्वार्टरमध्ये त्या परतण्याआधी कुणी दिवा लावला नव्हता. डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, ते काही जमलं नाही.

"बरा केलंस," त्या म्हणाल्या. "आता जरा सरक. चुलीकडे जाऊक वाट नाय."

टेकडी सरकली. बाईंनी चहासाठी मोठा टोप काढला.