कराटेच्या क्लासातली झोप

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या त्या गृहस्थाचा गेल्या सहा वर्षांत दुपारी डोळ्याला डोळा लागला नव्हता. त्याच्या मुलीचं वयही बरोबर सहा. घरात तिला भिंगरी म्हणत, आणि ते नावही कमीच पडायचं. त्याने डोळ्याला भिंग लावून केसाएवढा स्क्रू चिमट्यात धरला, की ही टेबलावरून सोफ्यावर उडी टाके. स्क्रू गायब!

"कराटेला घालतो तिला," त्याने बायकोला छातीठोकपणे सांगितलं. सकाळी तासभर लाथा झाडेल, दमेल, जेवली की झोपेल. मग आपणही झोपू. बायको नुसती हसली.

क्लासचा हॉल मोठा होता. खाली निळ्या गाद्या, उंच खिडक्यांतून तिरपं ऊन. शिकवणाऱ्या मॅडम कडक शिस्तीच्या. त्यांचा नियम असा, की पहिला महिनाभर नव्या मुलाने आई किंवा बाबांना घेऊन कोपऱ्यातल्या गादीवर डोळे मिटून बसायचं. मन शांत झालं की आपलं आपण उठायचं. तोवर कुणी हाक मारायची नाही.

ही कसली बसतेय, असं म्हणत त्याने डोळे मिटले. गादी मऊ होती. पलीकडे मुलांची पावलं एका लयीत पडत होती. हळूहळू त्या लयीत त्याच्याकडे दुरुस्तीला आलेली सगळी घड्याळं मिसळली, मग एकेक करून मंद झाली. काटे पिसांसारखे गळून पडले आणि त्या पिसांवरून तो तरंगत निघाला. तिथे कायमची दुपार होती आणि कुणालाच कुठे पोचायचं नव्हतं.

जाग आली तेव्हा ऊन गादीपर्यंत सरकलं होतं. मुलं बूट घालत होती. त्याचं डोकं भिंगरीच्या खांद्यावर होतं आणि भिंगरी मांडी घालून ताठ बसली होती.

"झाली झोप, बाबा?" ती कुजबुजली. "मी हललेच नाही. हाताला नुसत्या मुंग्या आल्यात."

त्याला एकदम भरून आलं. दात घासतानाही जी एका जागी उभी राहत नाही, ती त्याच्यासाठी तासभर बसून राहिली होती!

तेवढ्यात मॅडम आल्या. बाबांचं ध्यान छान लागलं होतं, असं म्हणाल्या. त्यांना काळजी होती ती मुलीची.

"फारच शांत आहे हो. या वयात इतकं गप्प बसणं बरं नाही. रोज दुपारी तीन ते चार घरी लाथा आणि उड्या. तुम्ही समोर उभं राहून आकडे म्हणायचे."

ती शांत नाही हे सांगायचं, तर आपण झोपलो होतो हेही कबूल करावं लागणार. तो मुकाट्याने बरं म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता तो पोटाशी उशी धरून उभा होता. भिंगरीच्या अंगात कालचाही जोर शिल्लक होता. चौऱ्याऐंशीव्या लाथेला बायकोने दारातून विचारलं, क्लासचा काही उपयोग होतोय का?

"होतोय की," तो जांभई दाबत म्हणाला. "पुढचा क्लास कधी आहे गं?"