दहा खेळ्यांपर्यंत राजा सुखरूप

राजा सुरक्षित तर राज्य सुरक्षित, हे त्रिकालाबाधित सत्य आहे. आमचा राजा काल दुपारी पावणेचार वाजता मेला. (असे काहीही घडलेले नाही. पुढील मजकूर त्याच समजुतीने वाचावा.)

आमच्या विभागात सात माणसे आणि बुद्धिबळ खेळणारा एक प्रोग्राम आहे. कालचा सामना हरलो तर विभाग बंद, असा वरून आदेश होता. प्रोग्राम अत्यंत जबाबदार. राजाच्या पुढ्यात प्यादी धड उभी असली की गुण देतो, एखादे सरकले की कापतो, शत्रूचा घोडा आसपास हुंगताना दिसला की आणखी कापतो. फक्त दहा खेळ्यांपलीकडचे त्याला दिसत नाही. अकराव्या खेळीचे संकट त्याच्या लेखी जन्मालाच आलेले नसते. (साहेब दहा महिन्यांनी निवृत्त होत आहेत. दोघांचे छान जमते.)

सामना रंगात आला तशा प्रोग्राम लिहिणाऱ्या ताई कुरकुरल्या, "साहेब, राजाची बाजू आतून पोखरली जातेय."

"आकडा काय म्हणतो?"

"अधिक चाळीस. पण..."

"मग चष्म्याचा नंबर तपासून घ्या, ताई."

अर्ध्या तासाने प्रोग्रामला बरोब्बर दहाव्या खेळीवर मात दिसली. त्याने ताबडतोब एक घोडा फुकट देऊन टाकला. तो खाण्यात शत्रूचा वेळ गेला, मात अकराव्या खेळीवर सरकली, म्हणजेच नाहीशी झाली. मग उंट दिला. मग हत्ती. दर वेळी संकट शंभर टक्के नाहीसे झाले.

"बघा, टळलं!" साहेब म्हणाले.

"टळलं कुठलं? नुसतं दिसेनासं झालं."

"एकतीस वर्षं नोकरी केली मी. टळणं म्हणजे दुसरं काय असतं हो?"

पावणेचारला देण्यासारखे काही उरले नाही. साहेबांनी तत्परतेने संगणकाची वायर उपटली आणि 'सामना तूर्त स्थगित' अशी नोंद केली. सामना संपलाच नाही, तेव्हा विभाग बंद होण्याचा प्रश्न उद्भवत नाही. तो पुढेही उद्भवू नये म्हणून दरमहा एक पद वरच्यांना परत करायचे ठरले आहे. (साहेब सोडून माणसे सहा, महिने दहा. पण सातवा महिना फार लांब आहे.) पहिले पद ताईंचे. आज सकाळी ड्रॉवर रिकामा करून निघताना त्यांनी मला विचारले, "तू उंट की हत्ती रे?"

विभागात हसण्याचे प्रमाण तेव्हापासून घटले आहे. आपण मात्र हसत असाल. हसावे. आपल्याही कार्यालयात या क्षणी कोणीतरी अगदी सुरक्षित आहे. ते कोणाच्या आडोशाला उभे आहे, हे सवडीने आरशात पाहून घ्यावे.

तरी नम्र विनंती की, ज्याला देऊन टाकायचे ठरले आहे, त्याला निदान एक खेळी आधी लेखी कळवण्यात यावे.