अप्पांची कंबर

अप्पा माणसाचा चेहरा नंतर बघत, आधी त्याची चप्पल उलटी करून बघत. लग्नात सगळे पंगतीकडे वळले, की अप्पा मांडवाबाहेर चपलांच्या ढिगाशी उकिडवे बसलेले असायचे. एकदा तर मुलीच्या मामानं त्यांना चोर समजून मनगटाला धरलं. अप्पांनी शांतपणे त्याच्याच पायाकडे बघितलं. "टाच एका अंगानं झिजलीय. डावा गुडघा धरतो न्हवं?" धरत होता. मग मामाचं जेवण बाजूला राहिलं आणि अप्पांनी त्याला मांडवाच्या खांबाला धरून उठायबसायला लावलं.

लातूरला आमच्या समोरच्या घरात ते एकटे राहत. डाळमिलमध्ये हमालांचे मुकादम होते. पोतं कुठल्या खांद्यावर चढतं आणि दुखणं कुठं उतरतं, हे बघण्यात त्यांची उमर गेली. भूकंपात बायको आणि मुलगी गेल्यावर औशाकडचं गाव सोडून ते कायमचे इकडे आले, एवढंच गल्लीला माहीत होतं. त्याबद्दल ते बोलत नसत. बोलायचंच झालं तर तुमच्या मानेबद्दल बोलत.

मी तेव्हा एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचो. लातुरात क्लासचं पीक जोरात होतं आणि त्या पिकात माझी कंबर गेली होती. एक्स-रे झाला, पट्टा झाला, पायाला वजनं लटकवून झालं. अंगाला येणाऱ्या तेलाच्या वासानं बायको दुसऱ्या खोलीत झोपायला लागली. माणूस चाळिशीत मोडतो आणि मग मोडलेलाच राहतो, असं माझं मत झालं होतं. ते आजही फारसं बदललेलं नाही.

अप्पांनी माझी चप्पल उलटी केली, मग मला उलटा केला आणि पँटच्या मागच्या खिशातून पाकीट काढलं. त्यात जुन्या पावत्या, तीन देवांचे फोटो आणि चाव्यांचा जुडगा होता.

"सर, तुम्ही दिवसभर ह्याच्यावर बसायलाव. एक ढुंगण वर, एक खाली. कंबर बिचारी काय करंल?"

"अहो, पण दुखतंय वर."

"दुखतं एकीकडं, कारण दुसरीकडं," अप्पा म्हणाले. हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. पाकीट पुढच्या खिशात गेलं. शेकायला फडक्यात गुंडाळलेली गरम वीट आणि झोपताना गुडघ्यांखाली उशी, एवढाच उपचार. पंधरा दिवसांत मी ताठ झालो आणि मला भयंकर राग आला. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला स्वतःचा तोल कळू नये!

आमच्या माडीवर बिलोलीची एक मुलगी क्लाससाठी राहायची. तिची मान आखडली. अप्पांनी तिच्या टेबलाखाली विटा लावल्या, दप्तर दोन्ही खांद्यांवर घ्यायला लावलं आणि जाताजाता विचारलं, "बाई, घरी किती दिवस झाले गेली न्हाईस?" तिला रडूच फुटलं. अप्पांनी तिला शनिवारच्या एसटीत बसवून दिलं.

आणि हा माणूस स्वतः कमरेत वाकून चालायचा. सकाळी चौकट धरल्याशिवाय त्यांना उभं राहता येत नसे. विचारलं की "माझं सोडा." एकदा ते अंघोळीला गेल्यावर मी त्यांच्या चपला उलट्या केल्या. दोन्ही टाचा सारख्या झिजलेल्या! मी चिडून घरी आलो. डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं, की असंच चाललं तर वर्षभरात पाय उचलायचा नाही.

एका सकाळी अप्पांना वर्तमानपत्र द्यायला लवकर गेलो आणि कारण सापडलं. अप्पा दारात आडवे झोपले होते. डोकं आत, पाय बाहेर आणि उंबरा बरोबर कमरेखाली.

"सापडलं!" मी ओरडलो. "अप्पा, ही काय झोपायची जागा आहे?"

ते चौकट धरून उठले. "दार लागू नये म्हणून," म्हणाले. "त्या राती दार चौकटीत दाबून बसलं. मी बाहेर ओट्यावर व्हतो. उकडत व्हतं म्हणून मी एकलाच बाहेर झोपलो. पोरीनं आतून दोनदा हाक मारली. मी खांद्यानं दार ढकलीत ऱ्हायलो."

मला पुढं ऐकवेना. त्याच दिवशी मी सुतार आणला आणि दार बिजागऱ्यांसकट काढून मागच्या भिंतीला टेकवलं. अप्पांनी एका शब्दानं अडवलं नाही. मी मोठ्या समाधानात घरी आलो. कारण काढलं की दुखणं जातं, हे त्यांनीच शिकवलं होतं.

आठवड्यानं पाहिलं तर दार नसलेल्या चौकटीत अप्पा तसेच आडवे.

"आता कशाला, अप्पा? लागायला दारच नाही."

ते उंबऱ्यावर हात फिरवत बसले.

"आत झोपाय भ्या वाटतं, सर," ते म्हणाले. "आन बाहेर झोपाय लाज वाटती."

मग त्यांनी माझ्या खिशाकडे बघितलं. "पाकीट पुढंच हाय न्हवं?"

मी घरी येऊन गोधड्यांसाठी कपाट उघडलं. कशाला ते न विचारता बायकोच चार जुन्या गोधड्या घेऊन आली. अप्पांच्या उंबऱ्याच्या आत दोन, बाहेर दोन अशा घड्या घातल्या आणि दोन्हीकडची उंची उंबऱ्याएवढी केली. अप्पा त्यावर आडवे झाले.

दुसऱ्या दिवशी कमरेचं दुखणं उतरलं का विचारलं, तर म्हणाले, "लई उतरलं." चौकट धरूनच उठत होते.