तीन माइक आणि एक मावशी

माइक लपवण्याच्या कामात कानसेनचा हात धरणारा अजून जन्माला यायचा होता. म्हणजे तसं त्याचंच म्हणणं होतं. पण ते तो इतक्या वेळा आणि इतक्या जोरात म्हणायचा की दुसऱ्या कुणाला बोलायला जागाच उरायची नाही. पेनात, पुस्तकाच्या कण्यात, चपलेच्या टाचेत, जिथे म्हणाल तिथे माइक! आवाज टिपणारा माणूस म्हणून लोक त्याला कौतुकाने कानसेन म्हणू लागले आणि त्याने ते नाव बक्षिसासारखं छातीवर मिरवलं.

दिग्दर्शिका मात्र अजिबात भारावलेली नव्हती. धडधाकट यंत्रं मोडीत काढून लोकांना गंडवणाऱ्या दुरुस्तीवाल्यांवर ती माहितीपट करत होती. आतापर्यंत कानसेनने दोनदा चोरून ध्वनिमुद्रण केलं होतं आणि दोन्ही वेळा लबाडाचा आवाज कमी, कापडाची खरखर जास्त असाच प्रकार झाला होता.

“कानसेन, ही शेवटची संधी,” ती म्हणाली. “मेकॅनिक काय खोटं बोलतो ते मला स्वच्छ ऐकू यायला हवं. या वेळी खरखर आली तर मी दुसरा माणूस बघते.”

“मॅडम, असं ऐकवतो की त्याची कुठली दाढ किडलीय तेही तुम्हाला कळेल!”

घर ठरलं कानसेनच्या मावशीचं. मावशी निवृत्त शिक्षिका. पस्तीस वर्षं मुलांना गप्प बसवून आता स्वतः बोलायला मोकळी झालेली. तिच्या स्वयंपाकघरात कपडे धुण्याचं मशीन होतं, ठणठणीत. कानसेनने त्याची पाणी बाहेर सोडणारी नळी मागच्या बाजूला दुमडून ठेवली, बस्स. प्रामाणिक माणूस नळी सरळ करेल आणि चहा पिऊन जाईल. लबाड असेल तो मोटर जळाली म्हणून सांगेल. कॅमेरा भिंतीवरच्या घड्याळात आधीच बसवलेला होता.

“मी काय करायचं?” मावशीने विचारलं.

“काही नाही गं. नेहमीसारखी वाग.”

“नेहमीसारखी म्हणजे कशी?” मावशी विचारात पडली, आणि त्या क्षणापासून ती नेहमीसारखं वागणं साफ विसरली.

कानसेन कामाला लागला. माइक नंबर एक मशीनवर ठेवलेल्या नॅपकिनांच्या चळतीत. नंबर दोन, शेंगदाण्याएवढा, मावशीच्या गाऊनच्या कॉलरखाली चिकटपट्टीने. आणि नंबर तीन, सगळ्यात लाडका, फ्रीजवरच्या कुंडीत, पानांच्या आड. आता फ्रीज म्हटलं की घुरघुर आली, आणि घुरघुर म्हणजे ध्वनिमुद्रकाची सवतच! म्हणून त्याने धंद्याच्या रीतीप्रमाणे भिंतीवरचं बटण बंद केलं आणि आपल्या गाडीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवली. म्हणजे निघताना किल्ली शोधली की फ्रीज चालू करायची आठवण होते. सगळं कसं शास्त्रशुद्ध! फक्त हे शास्त्र मावशीला सांगायचं राहिलं.

बेल वाजली. कानसेन आतल्या खोलीत पलंग आणि कपाटाच्या मधे हेडफोन चढवून दडून बसला.

मेकॅनिक गोड बोलणारा होता. “काकू, काही काळजी करू नका. आधी चालवून बघू. त्यात टाकायला काहीतरी द्या. हं, हे नॅपकिन चालतील!”

कानसेनने हेडफोन कानांवर घट्ट दाबले. झाकण उघडल्याचा आवाज, पाण्याचा आवाज, मग गुडगुड, गुडगुड, आणि नंबर एकने राम म्हटला.

“हरकत नाही,” त्याने स्वतःला बजावलं. “मावशीची कॉलर आहे ना!”

पण कॉलरवर काहीच नव्हतं. चिकटपट्टी चावत होती म्हणून मावशीने माइक काढून खिशात टाकला होता. तिथे चुरचुरत्या कागदातल्या वीस-पंचवीस पेपरमिंटच्या गोळ्या आधीच राहत होत्या, आणि मावशी घाबरली की गोळी लागते! मशीन धडधडत होतं, मेकॅनिक त्याला कान लावून मान हलवत होता, आणि नेमकं त्याने तोंड उघडलं तेव्हाच मावशीचा हात खिशात गेला.

“काकू, खरं सांगू? चुर्र चुर्र खस्स... अजिबात... चुर्र... गेलीच समजा!”

काय गेली? कोण गेली? कानसेनने आवाजाचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. कुंडीतल्या माइकला मशीनच्या धडधडीपुढे काही सुचत नव्हतं. एकुलतं एक खोटं बोलून झालं होतं आणि ते तीनही माइकांना समजलं नव्हतं! बाहेर जाऊन “पुन्हा एकदा बोला” असं काही लबाडाला सांगता येत नाही. गेलं काम हातचं, आला दुसरा माणूस, असं म्हणत तो कपाटाला टेकला.

मशीन थांबलं. तेवढ्यात मावशीचा आवाज आला. “अगंबाई, आणि हा फ्रीजपण गेला वाटतं! दार उघडलं तर आत दिवासुद्धा लागत नाही.”

कानसेनने कपाळावर हात मारून घेतला. मग तोच हात हळूच खाली आला. मेकॅनिकची पावलं फ्रीजकडे येत होती. नंबर तीनच्या अगदी पुढ्यात!

“काकू, फ्रीजमध्ये गाडीची किल्ली?”

“तिथेच असते ती,” मावशी ठामपणे म्हणाली. उत्तर माहीत नसतानाही ते ठोकून द्यायची तिला पस्तीस वर्षांची सवय होती.

टक टक. मेकॅनिकने फ्रीज ठोकला. एक लांब श्वास घेतला, तोही ऐकू आला. “कॉम्प्रेसर जळालाय, काकू.”

“अगदी?”

“कोळसा! मी नुसत्या वासावरून सांगतो. आता हा कपाट म्हणून वापरा. नवीन मीच आणून देतो. मशीनपण नवीनच घ्या. मोटर गेलीय म्हटलं ना मघाशी!”

शब्द न् शब्द! मोत्यासारखा! कानसेनने उशी तोंडात कोंबली आणि पलंगावर बिनआवाजी नाच केला.

“पण अहो,” मावशी म्हणाली, “हे बटण बंद दिसतंय.” खट्. घुर्रर्र! फ्रीज चालू झाला, दिवा लागला.

मेकॅनिकने फ्रीजवरून हळूच हात फिरवला.

“हीच ती शेवटची धुगधुगी,” मेकॅनिक म्हणाला. “जायच्या आधी एकदम तरतरीत होतात.”

मग मात्र मावशी खरोखर नेहमीसारखी वागली. “इकडे ये. सरळ उभा राहा. माझ्याकडे बघ. आता मशीनचं खरं सांग.”

“नळी दुमडलीय, बाई,” मेकॅनिक सातवीतल्या पोरासारखा पुटपुटला. त्याने नळी सरळ केली आणि जिना उतरताना दोन-दोन पायऱ्या गाळल्या.

दुसऱ्या दिवशी दिग्दर्शिकेने नंबर तीनचं ध्वनिमुद्रण डोळे मिटून ऐकलं. कानसेन शेजारी हाताची घडी घालून, सत्काराला बसल्यासारखा बसला होता.

“अप्रतिम!” ती म्हणाली. “असा आवाज मी जन्मात ऐकला नाही. आणि तोच घोटाळा आहे. हे इतकं स्वच्छ आहे की लोक म्हणतील नट आणून वदवून घेतलं. तोच प्रसंग दुसऱ्या माइकवर आहे का?”

“मावशीने खिशात टाकलेला एक आहे,” असं पुटपुटत कानसेनने नाइलाजाने तो आवाज लावला. चुर्र चुर्र, खस्स, “कॉम्प्रेस... चुर्र... कोळसा!”

दिग्दर्शिका खुर्चीतून उठलीच. “हे! याला म्हणतात चोरून ऐकलेलं! अंगावर काटा आला. हेच घेऊ.”

“पण मॅडम, खरखर... शब्द कळत नाहीत!”

“पडद्यावर खाली अक्षरं टाकू की.”

“मग माझं काम?”

“पक्कं! पुढचा माहितीपटही तुम्हीच करायचा, कानसेन. फक्त माइक कुठे ठेवायचा, तेवढं मावशींना विचारत जा.”