रऊफभाईंचे दोन रखवालदार

शनिवारची दुपार होती, अकोटच्या खरेदी-विक्री संघाची कचेरी सुटली होती, आणि रऊफभाई शेरवानी घालून कॉम्प्युटरसमोर बसले होते. कॉम्प्युटर बंद व्हायला तयार नव्हता.

शेरवानीचं कारण असं, की संध्याकाळी बडनेऱ्याला त्यांच्या भाचीचा, अमरीनचा निकाह होता आणि रऊफभाई होते मुलीचे वकील. काळ्या कोटातले नव्हेत. मुलीकडचा जो वडीलधारा माणूस दोन साक्षीदार घेऊन आत बायकांत जातो, मुलीची कबुली घेतो आणि बाहेर येऊन काझींना सांगतो, तो वकील. हा मान मिळावा म्हणून रऊफभाईंचा धाकटा भाऊ शाकीब कधीचा गुडघ्याला बाशिंग बांधून बसला होता. मामू तोही होता की! पण अमरीनने नाव घेतलं ते मोठ्या मामूचं. तेव्हापासून रऊफभाई चालताना जरा मागे रेलून चालत.

तर शटडाऊन दाबून त्यांना बराच वेळ झाला होता. पडद्यावर एक चौकोन आला होता. त्यात इंग्रजीत लिहिलं होतं, थांबा, तपासणी चालू आहे, कॉम्प्युटर बंद करू नका. रऊफभाईंनी तो चौकोन घालवला. लगेच दुसरा आला. त्याचंही म्हणणं तेच. तो घालवला, तर पहिला परत हजर.

"कोणता बिघाड हाय जी?" कारकून धर्मपालने किल्ल्या खुळखुळवत विचारलं.

"बिघाड नाई. ॲन्टीव्हायरस काम करून राह्यला. काम करनाऱ्याले मधात टोकू नाई."

"प्लग ओढू का?"

रऊफभाईंनी असं काही पाहिलं, की धर्मपालने हात आपसूक पाठीमागे नेला. गेल्या साली त्याने घाईत प्लग ओढला होता आणि जुना कॉम्प्युटर जो गेला तो गेलाच. त्यानंतर रऊफभाईंनी साऱ्या संचालक मंडळासमोर त्याची बिनपाण्याने केली होती. 'प्लगला हात लावू नये' अशी पाटीही स्वतःच्या हाताने रंगवून भिंतीवर ठोकली होती. आता त्या पाटीखाली बसून स्वतःच प्लग ओढायचा म्हणजे धर्मपालला जन्माची करमणूक.

"घाबरून नको राहू," रऊफभाई म्हणाले. "आता लाईट जाईन. लाईट गेली तं तो वीजवाल्याचा दोष, प्लग ओढला तं आपला."

हे अगदी रास्त होतं. त्या वर्षांत भारनियमनावर अकोटचं घड्याळ लावावं इतकी लाईट वक्तशीर जायची. गिरणीवाला दळण थांबवायचा, न्हावी अर्ध्या दाढीवर कात्री घ्यायचा, आणि रऊफभाईंचा कॉम्प्युटर त्याच ठोक्याला शिस्तीत झोपायचा. दोघे पंख्याकडे बघत बसले. पंखा फिरत राहिला. वेळ टळून गेली तरी फिरत राहिला.

मोबाइल वाजला. बेगम, कुलसुमबी, एसटी स्टँडवरून बोलत होत्या.

"बस लागली हाय. येता का जाऊ?"

"दोन मिनिट."

"तुमचे दोन मिनिट मले शादीपासून मालूम हायत. मी चालली. अन् ऐका, शाकीबभाई सकाळीच पोचले म्हने. नवीन टोपी घालून."

ही टोपी रऊफभाईंच्या काळजात रुतली. त्यांनी तडक वीज कचेरीत नत्थुजींना फोन लावला.

"नत्थुजी, लाईट काहून नाई गेली?"

"आज जात नाई भाऊ! वरून हुकूम हाय. दिल्लीचं पथक येऊन राह्यलं, कपाशीवाल्याची हालत पाहाले. ते शिवारात हाय तोवर एक पंखा बंद पडला नाई पाह्यजे."

"मंग पाच मिनिट घालवा. माह्यासाठी."

"रऊफभाई," नत्थुजी म्हणाले, "सारी नोकरी मी लाईट आना म्हून शिव्या खाल्ल्या. घालवा म्हून हात जोडनारे तुमीच पहिले. पन आज नाई जमत. पथकाची गाडी गावाबाहेर पडली का पहिला खटका तुमच्या नावानं पाडतो, बस!"

फोन ठेवतात तोच बाहेर गाड्यांचे दरवाजे धाडधाड वाजले. संघाचे अध्यक्ष शेषराव पुढे आणि मागे चार-पाच पाहुणे. पथकाला बाजाराचं आवार दाखवून शेषराव त्यांना कचेरीत चहाला घेऊन आले होते. त्यांनी रऊफभाईंना आपादमस्तक पाहिलं आणि त्यांची छाती फुगली.

"वा! शेरवानी! पाहा साहेब, तुमच्या स्वागताले आमचा मानूस कसा तयार हाय!"

रऊफभाईंनी सलाम केला. पथकात आगाशे नावाचे एक साहेब होते, मूळचे पुण्याचे, दिल्लीत मुरलेले, बगलेत लॅपटॉप. त्यांची नजर पडद्यावर गेली.

"शनिवारी दुपारी यंत्र चालू? कसलं काम करतंय?"

दुसरा कोणी असता तर त्याने 'बंद होत नाही' असं सांगून टाकलं असतं. पण रऊफभाईंना आयुष्यात 'येत नाही' हा शब्द उच्चारता आला नव्हता.

"पहारा चालू हाय, साहेब."

"म्हणजे?"

"ॲन्टीव्हायरस. दोन टाकले हायत."

"दोन? एकाने भागत नाही?"

"साहेब, कापसाच्या गंजीवर एकच रखवालदार ठेवला तं रातच्याले तोच पोतं उचलून नेते. म्हून आमी दोन ठेवतो. एकाची नजर कापसावर, दुसऱ्याची पहिल्यावर. याच्यात बी तसंच केलं. अकोल्याहून एक सीडी आनली, अमरावतीहून दुसरी. ओळखीचे नसले पाह्यजे दोघं."

आगाशे साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "कमाल आहे! हे आम्हाला दिल्लीत सुचलं नाही. अहो, आमच्या दौऱ्याचा सगळा अहवाल या लॅपटॉपमध्ये आहे. यातही टाकून द्याल का?"

"टाका, टाका!" शेषरावांनी परस्पर हुकूम सोडला. "आमचे रऊफभाई म्हंजे काय!"

आणि रऊफभाईंनी टाकले, दोन्ही. चहाचे दोन कप झाले, बिस्किटं झाली, बडनेऱ्याची बस केव्हाच दर्यापूर रस्त्याला लागली, आणि तिकडे शाकीब बहुधा आरशात टोपी सारखी करत असेल या विचाराने रऊफभाईंना घाम फुटला. तेवढ्यात आगाशे साहेब उठता उठता म्हणाले, "चला, आम्हाला बडनेऱ्याहून रात्रीची गाडी पकडायची आहे."

रऊफभाईंच्या जिवात जीव आला. "साहेब, त्या लॅपटॉपवर सुरुवातीले लक्ष ठेवा लागते," ते गंभीर चेहऱ्याने म्हणाले. "मी बडनेऱ्यापर्यंत संगच येतो."

गाड्या गावाबाहेर पडल्या आणि मागे अख्खं अकोट एका झटक्यात थंड झालं. नत्थुजी शब्दाचे पक्के निघाले. धर्मपालचा फोन आला, "बंद झालं जी! प्लगले हात नाई लावला!" रऊफभाई निर्धास्त मागे टेकले.

दर्यापूर गेलं आणि आगाशे साहेबांनी लॅपटॉप बंद करायला घेतला. एक चौकोन आला. तो घालवला, दुसरा आला.

"हे काय हो?"

"नवीन रखवालदार हाय साहेब. पहिल्या दिवशी जास्त चकरा मारते."

"पण बॅटरी संपली तर? दिल्लीत उतरल्याबरोबर अहवाल दाखवायचाय मला!"

"होते बंद."

पण झाला नाही. बडनेऱ्याच्या मांडवाशी गाडी थांबली तेव्हा दिवेलागण झाली होती आणि आगाशे साहेबांचा पारा चढला होता. त्यांनी रऊफभाईंच्या शेरवानीची बाही धरली. "हा बंद झाल्याशिवाय मी तुम्हाला सोडणार नाही. आणि वीज गेली वगैरे सांगू नका, याला बॅटरी आहे."

इतक्यात कुलसुमबी धावत आल्या. चेहरा उतरलेला.

"या अल्ला, आले एकदाचे! वाट पाहून पाहून शाकीबभाईले वकील केलं. ते आत जाऊन दोन खेपा विचारून आले. पोरगी तोंडच उघडत नाई! नवरदेवाकडचे कुजबुजून राह्यले, पोरीच्या मनात दुसरं काई हाय काय म्हून. आपाचं, पोरीच्या मायचं, रडून रडून डोकं चढलं."

बहिणीचं घर, भरला मांडव, आणि पोरगी गप्प! त्यांनी आगाशे साहेबांच्या हातातून लॅपटॉप घेतला. "साहेब, तुमी बिर्याणी घ्या. हा बंद करूनच बाहेर येतो," एवढं म्हणून ते आत धावले. मागून नवी टोपी सावरत शाकीब आणि दुसरा साक्षीदार.

आत बायकांच्या गराड्यात अमरीन मान खाली घालून बसली होती, चेहऱ्यावर लाल ओढणी. रऊफभाई समोर बसले. लॅपटॉप मांडीवर. त्यांनी बिस्मिल्ला म्हटलं आणि लॅपटॉप म्हणाला, टुंग.

ओढणी किंचित हलली. "मामू, ते काय हाय?"

पोरगी बोलली! बायकांत सुस्कारा उमटला.

"काई नाई बेटा. सरकारी काम." टुंग.

"इकडे द्या."

"अगं, मेंदी..."

"वाळली. द्या म्हनते ना."

अमरावतीला कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेली पोर ती. तिने ओढणीआडून पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं आणि कपाळावर हात मारला, केसांत माळलेला झुमर हलला.

"दोन टाकले, मामू? कोनी एकात दोन टाकते काय? हा त्याले चोर समजते, तो याले. रातभर एकमेकालेच पकडून राह्यतीन, बंद कसा होईन?"

"पन बेटा, दोघं बी इमानदार हायत."

"म्हूनच तं. एकाले सुटी द्या."

मेंदीच्या बोटाने तिने एकाला काढून टाकलं. बायका माना उंचावून बघत होत्या, एक म्हातारी शेजारणीला विचारत होती, आजकाल निकाहात हे बी असते काय. लॅपटॉपने एक निरोपाची धून वाजवली आणि पडदा काळा झाला. अमरीनने तो मिटून मामूच्या हातात दिला, ओढणी खाली घेतली, हात मांडीवर ठेवले.

"आता विचारा."

"बेटा, शाकीबनं विचारलं तवा काहून नाई बोलली? लोकायनं काय काय समजून घेतलं!"

"मी तुमचं नाव देल्लं होतं," ओढणीआडून आवाज आला. "मामू येतीन म्हून मले मालूम होतं. शाकीबमामू, राग नका मानू."

या पोरीला माउस कसा धरायचा ते रऊफभाईंनीच त्या कचेरीतल्या खुर्चीवर उशी ठेवून शिकवलं होतं. वीज कचेरी, शेषराव, दिल्लीचं पथक, कोणासमोर म्हणून दिवसभर त्यांची जीभ अडली नव्हती. आता अख्खी बायकांची बैठक त्यांच्या तोंडाकडे बघत होती आणि त्यांच्या घशातून शब्द निघेना. डोळ्यांतून मात्र धारा लागल्या. शाकीबने मागून हळूच पहिला शब्द पुरवला. रऊफभाईंनी तो कसाबसा उचलला, पुढचा परत अडकला. शाकीबने तोही दिला. असं करत करत, एक शब्द धाकट्याचा, एक हुंदका मोठ्याचा, सवाल एकदाचा पुरा झाला.

"कबूल हाय," अमरीन खणखणीत म्हणाली. "आता डोळे पुसा मामू, अन् बाहेर जाऊन सांगा. काझीसाब कधीचे बसले हायत."

रऊफभाई लॅपटॉप छातीशी धरून बाहेर आले. काझींनी विचारलं, मुलीची कबुली घेतली? अख्खा मांडव कान टवकारून होता. रऊफभाईंनी तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. शेवटी त्यांनी धाकट्या भावाचा दंड धरून त्याला पुढे केलं, आणि 'घेतली, कबूल हाय!' हे मांडवाच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात शाकीबनेच सांगितलं.