नऊ क्रमांकाच्या बसचे सारथी केरोबा भिलारे यांचे मंदगतीचे वर्तमान

नमन श्रीगजाननास, जे मूषकावर बैसोन भर गर्दीतून जातात आणि कोणास धक्का लावीत नाहीत. शके एकोणीसशे चाळीस, विलंबी नाम संवत्सर, ते साली एका नगरीत जे घडले ते येणेप्रमाणे.

नगरीत केरोबा भिलारे म्हणोन सारथी होते. नऊ क्रमांकाची बस त्यांचे हाती. ते चाकरीस लागले तेव्हा नगरीत सायकलींचे राज्य होते. सकाळी कारखान्याचा भोंगा होताच हजारो सायकली रस्त्यावर उतरत, आणि घंट्यांचा नाद उठे, आणि माणसे जोडीजोडीने गप्पा करीत चालत, आणि मागून केरोबांची बस डुलत येई, आणि थांब्याकडे कोणी धावता दिसला तर बस खोळंबे, आणि आतील मंडळीच हात देऊन त्यास वर घेत. ते दिवस आठवले की केरोबांचा ऊर भरोन येई. मग मोटारी आल्या, आणि रस्ता रुंद जाहला, आणि कडेच्या चिंचा तोडल्या, आणि ताशी साठाची मुभा जाहली, आणि सायकली एकेक करोन घरात भिंतीस टेकल्या.

एके सकाळी केरोबाही वेळ गाठावयास साठाने निघाले. पाण्याच्या टाकीपाशी सुलभाबाई वणारसे म्हणोन शिक्षिका सायकलवरून पडल्या, आणि केरोबा ब्रेकवर उभेच राहिले, आणि बस बाईंपासून वीतभर अंतरावर थांबली. बाई उठल्या, पदर झटकला, म्हणाल्या, "काही नाही हो झालं." परंतु केरोबांस त्या रात्री अन्न गोड लागले नाही, आणि तेव्हापासोन त्यांनी काटा तिसाचे वर जाऊ दिला नाही.

याप्रमाणे सहा वर्षे गेली. मोटारवाले मागे भोंगे वाजवीत, आणि तक्रारी साचल्या, आणि विलंबी साली डेपोचे मुख्याधिकारी यांनी केरोबांस कचेरीत उभे केले.

"भिलारे, तुमची गाडी वेळेवर का पोचत नाही?"

"साहेब, उशिरा का होईना, गाडी पोचते. रस्त्यातली माणसंही पोचतात."

साहेब रागे भरले. तोच दाराशी गलबला जाहला, आणि सुलभाबाई पुढे आणि नऊ क्रमांकाचे पंधरा उतारू मागे, ऐसे आत आले. बाई म्हणाल्या, "मी रोज सायकलनं यांच्या पुढं असते. मागून आली तरी जिची भीती वाटत नाही, अशी शहरात ही एकच बस आहे. यांना काढलंत तर मी सायकल विकून टाकीन."

साहेब नरमले, परंतु हुकूम तो हुकूम. केरोबांची चाकरी राहिली, बस गेली. दोषाचा शेरा पडला आणि त्यांस डेपोच्या फाटकावर बसविले. दोन वर्षे ते इतरांच्या बसगाड्या जाता-येता पाहात राहिले, आणि मग निवृत्त जाहले. सुलभाबाईंनी सायकल खरेच विकली.

पुढे त्या रस्त्यावर अपघात फार जाहले, आणि दरबारानेच तिसाची मर्यादा घातली, आणि जागोजाग गोल पाट्या लागल्या. केरोबा एके दिवशी उतारू होऊन नऊ क्रमांकात खिडकीशी बैसले. एक तरुण बाई बस हाकीत होती, काटा तिसावर. खिडकीतून दुकानांच्या पाट्या वाचता येत होत्या, आणि ओट्यावर दाढी करीत बसलेला मनुष्य दिसत होता, आणि दोन मुली सायकलवरून जोडीने बोलत चालल्या होत्या, त्यांचे हसणे आत ऐकू आले. शेजारचा गृहस्थ करवादला, "काय हो, किती हळू चालवतात!"

केरोबांनी डोळे पुसले. म्हणाले, "चालवू द्या हो तिला."

येणेप्रमाणे वर्तमान. केरोबांवरील दोषाचा शेरा दप्तरातून आजतागायत काढिला नाही. त्यांनीही तैसा अर्ज केला नाही.