निकम सरांचा घसा

दुपारी चार वाजले की आमच्या शेजारच्या निकमवहिनी हातातल्या सगळ्या बांगड्या उतरवून स्टीलच्या डब्यात ठेवायच्या, पंखा बंद करायच्या आणि पुरुष व्हायच्या.

ते मोकळे हात पहिल्यांदा बघितले तेव्हा माझ्या मनात नको ते आलं. निकमभाऊजी तर समोर गॅलरीत धडधाकट पेपर वाचत बसलेले! मी काही विचारणार, तेवढ्यात वहिनींनी ओठांवर बोट ठेवलं आणि मोबाइलमध्ये घोगऱ्या आवाजात गरजल्या, "आधी आडोसा, मग शौर्य. डावीकडं दोघं आहेत."

हा बंदुकांचा खेळ. चौघांची टोळी, माइकवर एकमेकांशी बोलत खेळायचं. वहिनी कळवणला तीस वर्षं शाळेत पीटीच्या बाई होत्या. रिटायर होऊन इथं सिडकोत आल्या, मुलगा पुण्याला गेला आणि हुकूम सोडायला कुणी उरलं नाही. भाचीनं हा खेळ त्यांच्या मोबाइलमध्ये घालून दिला. सुरुवातीला त्या सरळ स्वतःच्या नावानं खेळल्या. माइकवर आधी बांगड्या वाजल्या, मग त्या बोलल्या. पोरं खिदळली, "काकू, पोळ्या करपतील," आणि त्यांना टोळीतून काढून टाकलं. त्या दिवशी वहिनी जेवल्या नाहीत, हे मला भाऊजींनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी 'निकम सर' जन्माला आले. सरांचा घसा आठ महिने बसलेला. मालेगावचा सलीम आणि ओझरचा प्रतीक हे टोळीतले कायमचे, चौथा कुणीही यायचा. सलीम रोज विचारायचा, "सर, घसा कसाय?" वहिनींचं ठरलेलं उत्तर, "बसलाय जरा." त्यानं ज्येष्ठमध सांगितलं, मिठाच्या गुळण्या सांगितल्या. आणि या बाईनं ते सगळं इमानेइतबारे केलं, ठणठणीत घशासाठी! मी हसले तर रागावल्या. म्हणाल्या, इतक्या मायेनं पुण्याहूनही कुणी विचारत नाही.

'आधी आडोसा' हे आता घरातही शिरलंय. द्वारका चौक ओलांडताना त्या मला खेचून ट्रकमागे उभं करतात.

गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे मेथी निवडत बसले होते, अर्थात मुकाट्यानं. टोळीत चौथी एक मुलगी आली. सुरगाण्याकडची, रेंजसाठी टेकडीवर जाऊन बसलेली, हे नंतर कळलं. तिनं नुसतं नमस्कार म्हटलं आणि प्रतीक सुरू झाला की ताई, चुकून इकडे आलात, भांडी तिकडं आहेत. सलीमही हसला. मुलीनं हळूच विचारलं, "मी जाऊ का?"

वहिनींनी डबा पुढे ओढला. एकेक बांगडी हातात चढवली, अगदी माइकपाशी, किणकिण करत. मग मैदानावरचा आवाज काढला. "कुठं जायचं नाही. ती खेळणार. आणि मी बाई आहे रे. माझ्या घशाला काही झालेलं नाही."

प्रतीक लगेच गेला. पाठोपाठ सलीमही. उरल्या दोघी, त्या पाच मिनिटांत गारद झाल्या. मला वहिनींचा रागच आला. आठ महिने जपलेला आडोसा कशाला सोडलात, म्हटलं.

"ती पोर उघड्यावर होती ना," त्या म्हणाल्या.

पुढचे चार दिवस वहिनी आणि ती मुलगी दोघीच खेळल्या आणि हरल्या. बांगड्या आता हातातच असायच्या. पण खेळ सुरू करण्याआधी त्या सलीमच्या नावापुढे हिरवा ठिपका आलाय का ते बघायच्या, तो नसला की चष्मा पुसायच्या आणि पुन्हा बघायच्या. माझ्याच्यानं ते बघवत नव्हतं.

पाचव्या दिवशी ठिपका आला. वहिनींनी त्याला टोळीत घेतलं.

"घसा कसाय," सलीम म्हणाला आणि अडखळला. "...मॅडम?"

वहिनींनी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. त्यांनी पदरानं डोळे टिपले, बांगड्या वाजल्या.

"बसलाय जरा," त्या कशाबशा म्हणाल्या. आठ महिन्यांत पहिल्यांदाच ते खरं होतं.